'मेट्रोसेक्शुअल' शब्द जाहिरातवाल्यांचा नाही

परवा एका लग्नात भुवया कोरून आलेल्या भाच्याला कोणीतरी 'मेट्रोसेक्शुअल' (नटण्याची, स्वतःला जपण्याची हौस असलेला शहरी पुरुष) म्हणालं. वर ज्ञान पाजळलं, की हे जाहिरातवाल्यांनी पोरांना लावलेलं वेड. शब्दाचा जन्म उलटा आहे. १५ नोव्हेंबर १९९४ रोजी लंडनच्या 'द इंडिपेन्डन्ट' या वृत्तपत्रात मार्क सिम्पसन या ब्रिटिश लेखकाने तो वापरला. पुरुषांच्या वस्तूंचं एक प्रदर्शन पाहून त्याने लिहिलं, की शहरातला, एकटा, हाती पैसा खुळखुळणारा तरुण ही या दशकातली बहुधा सगळ्यात आशादायक बाजारपेठ आहे. म्हणजे बाजाराचा डाव उघडा पाडायला घडवलेला शब्द.

प्रतिसाद : असहमत. १९९४नंतर कित्येक वर्षं हा शब्द कितीशा लोकांना ठाऊक होता? २००३मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात कंपनीने उचलला आणि त्याच वर्षी अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषाअभ्यासकांच्या संस्थेने तो वर्षाचा शब्द ठरवला. शब्द घडवणाऱ्याचा नसतो, बोलणाऱ्यांचा असतो.

धागाकर्ता : पण बोलणाऱ्यांपर्यंत पोचला तो अर्धा कापूनच. २००२मध्ये सिम्पसनने फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमचं उदाहरण देऊन पुन्हा लिहिलं. त्यात स्पष्ट म्हटलंय, की या माणसाला बाई आवडते की पुरुष हा प्रश्नच नाही, त्याचं प्रेम स्वतःवर आहे. जाहिरातींनी नेमकं हेच गाळलं. 'क्रीम लावतो, पण बायकांवरच प्रेम करतो' अशी हमी दिल्याशिवाय डबी खपणार नव्हती.

दुसरा प्रतिसाद : दोघंही 'मेट्रो' विसरताय. मेट्रोपोलिस म्हणजे ग्रीकमध्ये 'आई-नगरी'. त्यातला 'मेतेर' आणि आपला 'मातृ' एकाच घरचे. आणि नटण्याचं म्हणाल तर लंडनमध्येच बो ब्रमेल नावाचा छानछोकीचा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोज अंघोळ, गुळगुळीत दाढी आणि कडक इस्त्रीचा गळपट्टा यांसाठी प्रसिद्ध होता. नवीन काय आहे?

धागाकर्ता : ब्रमेल एकटा उठून दिसायचा. सिम्पसन सांगत होता ते हजारोंना एकाच वेळी आरशासमोर उभं करण्याबद्दल. हा फरक मला फार मोठा वाटतो.

पहिला प्रतिसाद : बरं, हे मान्य. पण एका शब्दासाठी एवढं कशाला? छानछोकीचं पोरगं म्हणा आणि सोडा.

धागाकर्ता : तसं म्हटलं असतं तर भाचाही हसला असता. 'मेट्रोसेक्शुअल'वर मांडवात जे हसू पिकलं, त्यानंतर तो एकाही फोटोला उभा राहिला नाही.