गाडीतली घरघर: बेअरिंग, टायर की सायलेन्सर?

शुक्रवार

ए-१०३: गाडीबद्दल विचारायचं होतं, सोसायटीच्या ग्रुपवर चालेल ना? गेले काही आठवडे गाडीत एकसारखा घूंऽऽ असा आवाज येतोय, लांबवर पिठाची गिरणी चालू असावी तसा. ५० च्या पुढे सुरू होतो आणि ८० ला मागे बसलेल्यांशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं तो गोळ्यांचा भाग) गेलंय, शिवाय चारही टायर बदलून टाका. एवढं सगळं एकदम?

बी-२०४: ताई, बेअरिंगच असणार. माझ्या आधीच्या गाडीला डिट्टो असाच आवाज होता.

डी-३०२: टायर किती चाललेत? जुने टायरही असेच घुमतात.

ए-१०३: ३५ हजार किमी झाले असतील. नक्षी अजून बरी आहे.

सी-५०१: ताई, अजून काहीच बदलू नका. आवाज कुठून येतोय हे नंतर बघू, आधी तो कशाबरोबर बदलतोय ते बघा. चालत्या गाडीत चार गोष्टी कमीजास्त होतात: गाडीचा वेग, इंजिनचे फेरे, चाकांवरचा भार आणि खालचा रस्ता. ज्याच्याबरोबर आवाज चढेल-उतरेल, दोष त्या बाजूला. हे न बघता पार्ट बदलणं म्हणजे अंदाजपंचे काम.

पहिली चाचणी अगदी सोपी आहे. मोकळा, सरळ, सपाट रस्ता बघा, मागे कोणी नको. आवाज स्पष्ट येतोय त्या वेगाला एक्सिलेटर सोडा, गिअर न्यूट्रल करा आणि गाडी घरंगळू द्या. इंजिन लगेच ८००-९०० आरपीएमवर येईल, चाकं मात्र तेवढ्याच वेगाने फिरत असतील. आवाज त्याच क्षणी गेला तर इंजिन, सायलेन्सर किंवा माउंटिंगकडे (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघायचं. तसाच राहिला आणि गाडीबरोबर हळूहळू उतरला तर चाक, टायर, बेअरिंग. चावी मात्र काही झालं तरी बंद करायची नाही. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते आणि चावी काढली गेली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

डी-३०२: काका, माझ्या गाडीतही घुमतं हल्ली. पण माझी ऑटोमॅटिक आहे. चालत्या गाडीत न्यूट्रल करू?

सी-५०१: ऑटोमॅटिकला नको. मॅन्युअल मोड असेल तर वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्या. आरपीएम वाढेल, वेग तेवढाच राहील. आवाजाची पट्टी बदलली तर तो इंजिनच्या बाजूचा.

बी-२०४: आणि उभ्या गाडीत रेज करून बघितलं तर?

सी-५०१: जरूर बघा, पण उघड्या जागेत. बेसमेंटमध्ये गाडी रेज करत उभं राहू नका. तिथे धूर साठतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

शनिवार

ए-१०३: काका, न्यूट्रल करून बघितलं. आवाजात काडीचा फरक नाही. ८० वरून ४० पर्यंत गाडीबरोबर खाली खाली येत गेला.

सी-५०१: छान, अर्धा शोध संपला. इंजिन, क्लच, सायलेन्सर सगळे बाहेर. आता टायर की बेअरिंग एवढंच ठरवायचं. इथेच सगळ्यांची गल्लत होते, कारण दोन्ही आवाज कानाला जवळजवळ सारखेच लागतात.

टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. नव्या गुळगुळीत डांबरावर दबतो, खरबरीत किंवा काँक्रीटवर पट्टी बदलते. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. काँक्रीटवरून डांबरावर जाताना काच बंद, एसीचा पंखा आणि गाणी बंद ठेवून ऐका.

मग गाडी उभी करून टायर थंड झाल्यावर नक्षीवरून तळवा फिरवा, आधी पुढून मागे, मग मागून पुढे. आतल्या कडेलाही हात घाला, झीज बहुतेक वेळा तिथेच लपलेली असते. तार निघालेली किंवा खिळा नाही ना, हे आधी डोळ्यांनी बघा. एका दिशेने हात सुळकन जातो आणि उलट दिशेने नक्षीची प्रत्येक गठळी बोटांना अडते, असं झालं तर टायर आवाज करणारच. हे बहुधा अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडल्याने किंवा टायर वेळच्या वेळी पुढचे मागे न केल्याने होतं. शॉकॲब्सॉर्बर मेले असतील तर गोलाकार खळगे पडतात. तेव्हा नुसते टायर बदलून उपयोग नाही, नवेही तसेच झिजतील.

ए-१०३: पुढचे दोन्ही मला सारखेच लागले. मागच्या डाव्याला आतून थोडं खरखरीत आहे, फार नाही. रस्ता बदलला तरी मोठा आवाज होता तसाच आहे.

बी-२०४: म्हणजे बेअरिंग! चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की प्ले, म्हणजे ढिलेपणा, लगेच कळेल.

सी-५०१: प्ले मिळाला तर बहुधा बेअरिंगच गेलेलं असतं. पण नाही मिळाला म्हणून ते चांगलं आहे असं होत नाही. आजकालच्या सीलबंद बेअरिंगमध्ये आधी आवाज येतो, प्ले बराच नंतर. ताई, आता वळणाची चाचणी करा. मोठा रिकामा रस्ता, वेग ५०-६० च, आणि गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. लेन बदलतो तेवढंच, झटके नाहीत. आवाज कधी वाढतो, कधी दबतो, एवढंच लक्षात ठेवा. शेजारी कोणी बसलं तर उत्तम, ऐकण्याचं काम त्यांना द्या.

ए-१०३: मिस्टरांना घेऊन जाऊन आले. डावीकडे वळवलं की आवाज जोरात, उजवीकडे वळवलं की जवळजवळ गायब! म्हणजे गॅरेजवाला म्हणाला तसं डावं बेअरिंग?

सी-५०१: नाही ताई, उलट. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं. भार आल्यावर जे ओरडतं ते उजवं. माझा संशय पुढच्या उजव्यावर आहे.

ए-१०३: पण आवाज तर मलाही डावीकडूनच येतोय वाटतं!

सी-५०१: वाटणारच. बेअरिंगची थरथर हबमधून (चाक बसतं तो भाग) नकलमध्ये (हबला धरून ठेवणारा भाग), तिथून सस्पेन्शनमधून पत्र्यात जाते आणि सगळी गाडीच घुमते. शिवाय खर्जाचा आवाज कुठून येतोय हे आपल्या कानाला नीट कळत नाही. म्हणून कानावर पार्ट ठरवायचा नाही.

वळणाची चाचणीही शंभर टक्के नसते. या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात, कुठली रांग खराब यावर कधी कधी उलटी खूण मिळते. तेव्हा लिफ्टवर खात्री करून घ्या. गाडी वर घेऊन न्यूट्रलमध्ये पुढचं एकेक चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात त्याच चाकाच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवायचा. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंग शांत लागते, खराब असेल तर बोटांना बारीक करकर जाणवते. घरच्या जॅकवर हे करू नका, जॅक निसटला तर हात अडकेल.

डी-३०२: काका, ताईंचं संपू दे म्हणून थांबलो होतो. माझ्या गाडीत एक गिअर खाली घेतला तर आवाज बदलतो. ६० असो की ९०, काटा २००० च्या आसपास आला की कानात दडे बसल्यासारखं घुमतं, २५०० ला निघून जातं.

बी-२०४: दादा, फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे, ते दाखवणारं फुकट ॲप मिळतं. शेजारच्या सीटवरच्याला धरायला सांगा, गाडी चालवताना तुम्ही नको. तुमचं चार सिलिंडरचं इंजिन ना? प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. २००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३३ फेरे, म्हणजे ६७ हर्ट्झ. तिथे उंच टोक दिसलं आणि आरपीएमबरोबर सरकलं, तर आवाज इंजिनच्या स्फोटांचाच आहे. तीन सिलिंडर असतील तर दीडने गुणायचं, तेव्हा २००० ला ५० हर्ट्झ.

सी-५०१: फार उपयोगी सांगितलंस. चाकाचा हिशोबही असाच निघतो. साधारण १.९ मीटर घेराचं चाक ८० च्या वेगाला सेकंदाला १२ च्या आसपास फेरे घेतं, म्हणजे १२ हर्ट्झ, कानाला ऐकू येण्याच्याही खाली. म्हणून चाकाचं बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) बिघडलं तर ऐकू येण्याआधी स्टिअरिंग थरथरतं. घूंऽऽ आवाजावर बॅलन्सिंग करून काही हाती लागत नाही.

डी-३०२: ॲपवर ६५ ते ७० मध्ये टोक आलं! मैदानात उभ्या गाडीतही २००० ला तेच.

सी-५०१: मग गाडी थंड असताना खाली वाकून सायलेन्सर बघा. पाइप रबरांवर टांगलेला असतो. एखादं रबर तुटलं किंवा ताणलं गेलं की पाइप बॉडीला टेकतो आणि इंजिनची थरथर थेट पत्र्यात जाते. तिथे काही नसेल तर इंजिन माउंटिंग.

रविवार

डी-३०२: मागच्या बाजूचं एक रबर तुटलेलं होतं, पाइप क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या पट्टीला) टेकला होता. घासल्याची चकचकीत खूण पण दिसतेय. उद्या नवीन टाकतो.

ए-१०३: आम्ही दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली. काका, उजवंच निघालं! स्प्रिंगवर मी स्वतः हात ठेवून बघितला. डाव्याला काहीच नाही, उजव्याला बोटांत करकर. वर-खाली हलवून प्ले अजिबात नव्हता. बेअरिंग मागवलंय. तोवर गाडी वापरू का?

सी-५०१: जवळपास, सावकाश, तेही गरज असेल तरच. हायवेला नको. बेअरिंग एकदा सैल झालं की चाक डुलायला लागतं. ते होऊ द्यायचं नाही.

बसवताना तिथे उभ्या राहा आणि तीन गोष्टी बघा. बेअरिंग प्रेसवर (दाब देणाऱ्या यंत्रावर) बसवायचं, हातोड्याने ठोकून नाही. ठोकलं की नव्या बेअरिंगच्या आतही खड्डे पडतात आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज परत येतो. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएससाठी चुंबकीय पट्टी असते, ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागेल. आणि एक्सल नट कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच (तेवढ्याच घट्टपणाला), टॉर्क रेंचने. बहुतेक गाड्यांना हा नट नवीन टाकायचा असतो.

बी-२०४: काका, डावंही बदलायला हवं का जोडीने?

सी-५०१: गरज नाही. शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलतात, कारण दोन्हीकडची पकड सारखी हवी. बेअरिंगचं तसं नाही. जे चांगलं फिरतंय ते राहू दे.

बुधवार

ए-१०३: झालं काम. ८० ला शांत! जुनं बेअरिंग मागून घेतलं. बोटाने फिरवलं तर अडखळत फिरतं, वाळू गेल्यासारखं. मेकॅनिकने उघडून दाखवलं, एका रांगेच्या धावेवर (गोळ्या जिच्यावरून फिरतात ती कडी) पत्रा सोलला गेल्यासारखे खवले उडालेत आणि ग्रीस तपकिरी झालंय. तो म्हणाला, पाणी शिरलं असेल. टायर चारही तेच ठेवले. मागच्या डाव्याची बारीक गुणगुण खरबरीत रस्त्यावर येते, अलाइनमेंट करून घेतलंय.

सी-५०१: ग्रीस तपकिरी म्हणजे पाणी शिरल्याची शक्यता बरीच. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर सील आधी जातं, आवाज पुष्कळ नंतर येतो. मागच्या डाव्या टायरची गुणगुण लगेच जाणार नाही, नक्षी सपाट झिजायला वेळ लागतो. १०० किमी झाले की पुढच्या उजव्या चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या.

ए-१०३: घेते काका. डी-३०२, तुमचं रबर बसलं का?

डी-३०२: बसलं ताई. २००० ला आता काही नाही.