मदत हवी आहे: ३ च्या मनोऱ्यात एकेक अंक ‘बसतो’, मग ७ च्या मनोऱ्यात दोन-दोन का?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात संध्याकाळी पोट्ट्यांची गणिताची शिकवणी घेतो. हरभऱ्याच्या ओलिताला लाईन रात्रीच येते, म्हणून मोटरीजवळ बसून मोबाईलवर आकडेमोड चालते.

नववीतल्या पोरीने विचारलं, “सर, ३^३^३ म्हणजे १९६८३ ना?” (^ म्हणजे घात; असे घातावर घात चढवले की मनोरा, त्यातला प्रत्येक ३ हा एक मजला.) तिने खालून वर केलं होतं. सोडवायचं वरून: आधी ३^३ = २७, मग ३^२७ = ७६२५५९७४८४९८७. यावर आणखी एक ३ चढवला की कॅल्क्युलेटर हात टेकतो. पण शेवटचे अंक पायथन या संगणक-भाषेने निघतात:

३ मजले: …४९८७
४ मजले: …९३८७
५ मजले: …५३८७
६ मजले: …५३८७

म्हणजे दुसऱ्या मजल्यावर शेवटचा ७ कायमचा बसला (पुढे मजले चढवले तरी बदलत नाही), तिसऱ्यावर ८७, चौथ्यावर ३८७. (ग्रॅहमची अवाढव्य संख्या ३ चाच मनोरा, तिचंही शेपूट ५३८७!)

इथवर कळलं. ३^२० चा शेवट ०१, त्यामुळे शेवटच्या दोन अंकांसाठी घातांकाला २० ने भागून उरलेली बाकी पुरते. २७ ची बाकी ७, आणि ३^७ = २१८७. घातांकाच्या शेवटी ८७ असला तरी बाकी ७च.

अडलं ७ पाशी. ७^७ = ८२३५४३, पुढचा मजला …२३४३, त्यापुढचाही …२३४३. दुसऱ्यावर ४३, तिसऱ्यावर थेट २३४३! ३^४ = ८१ आणि ७^४ = २४०१, याच्याशी संबंध आहे का? ओईआयएसवर (क्रमिकांच्या ऑनलाइन कोशात) ७, ८, ३, ५, ९, १ असे उलटे अंक टाकले तर ३ ची क्रमिका सापडते, पण घातांकाला कितीने भागून बाकी घ्यायची हे सांगणारं ऑयलरचं फलन नववीला कसं सांगू?

उत्तर: भाऊ, नेम बरोबर आहे. फलन सोडा, पोरांना फक्त शंभरावा घात काढायला लावा. ३^१०० चा शेवट २००१, ७^१०० चा ६०००१. दोन घातांकांत १०० चा फरक असला तर ३ च्या घातांचे शेवटचे तीन अंक जुळतात, ७ च्या घातांचे चार. घातांकांचे शेवटचे दोन अंक जुळलेले होते, ३ ने एक वाढवला, ७ ने दोन. २४०१ मध्ये १ च्या आधी असलेल्या, ८१ मध्ये नसलेल्या त्या एका शून्याची ही करामत.

धागाकर्ता: ६०००१ आत्ताच पडताळलं, जुळलं. उद्या फळ्यावर घेतो. लाईन गेली, मोटर बंद.