जोशी-अभ्यंकर हत्याकांड : चौघांनाही फाशीच हवी होती का?

पेठेतला_मुलगा
27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांना फाशी झाली. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. चौघंही पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, विशीतली पोरं. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात त्यांनी दहा माणसं मारली. पहिला बळी त्यांच्याच ओळखीचा, कॉलेजमागच्या हॉटेलमालकाचा मुलगा. त्याच्याच हातानं घरच्यांना चिठ्ठी लिहून घेतली, मग त्याला मारून प्रेत पिंपात घालून तळ्यात सोडलं. नंतर 31 ऑक्टोबरला जोशी कुटुंबातले तिघं आणि 1 डिसेंबरला भांडारकर रोडवरच्या बंगल्यात अभ्यंकरांकडचे पाच जण. शेवटचा एक तरुण, त्याचा मृतदेह शिडीला बांधून नदीत टाकला होता.

यातल्या कशाचंही समर्थन मी करत नाही. पण मुनव्वरनं तुरुंगात आत्मकथन लिहिलं, त्यात गुन्हा स्वतःच्या तोंडानं कबूल केला. ते वाचल्यापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. 1976 मध्ये दोरी आवळणारा मुलगा आणि 1983 मध्ये फासाखाली उभा राहिलेला माणूस एकच होता का? मला वाटतं, निदान त्याला तरी जन्मठेप द्यायला हवी होती.

कडी_कोयंडा
साफ असहमत. पश्चात्ताप कधी झाला? पकडल्यावर. पहिल्या खुनानंतर झाला असता तर नऊ जीव वाचले असते. मधे नऊ महिने गेले होते हो, विचार करायला पुरेसे!

आणि पद्धत बघा. नायलॉनची दोरी, तोंडात कोंबलेले बोळे, कुत्र्यांना माग लागू नये म्हणून घरभर शिंपडलेलं अत्तर. रागाच्या भरात झालेलं यात काहीच नाही. काशिनाथशास्त्री अभ्यंकर संस्कृतचे व्याकरणकार, वय 88. त्यांच्यापासून कुणाला काय धोका होता? आमची आजी त्या हिवाळ्यात दिवेलागणीच्या आत दाराला कडी लावायची. कुणी ओळखीचा हाक मारतोय असं वाटलं तरी आधी खिडकीतून चेहरा बघायची. पुढं कित्येक वर्षं तिची ती सवय गेली नाही.

उलटतपासणी
कायद्याच्या बाजूचं थोडं. सत्र न्यायालयानं सप्टेंबर 1978 मध्ये फाशी सुनावली, अंमलबजावणी पाच वर्षांनी. 1983 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानं वैथीश्वरन खटल्यात म्हटलं की दोन वर्षांहून जास्त विलंब झाला तर कैदी फाशी रद्द करून मागू शकतो. मार्चमध्ये शेरसिंग खटल्यात दुसऱ्या खंडपीठानं ती दोन वर्षांची रेघ पुसली. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत हे दार किलकिलं होऊन पुन्हा मिटलं होतं. उलट लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयानं 2022 मध्ये रद्द करून जन्मठेप दिली, कारण दयेच्या अर्जावर सरकारनं वर्षानुवर्षं लावलेला उशीर. गुन्हा कुठला कमी क्रूर होता? माणूस मरणार की जगणार हे कॅलेंडरवर ठरत असेल तर अशी शिक्षा मला मान्य नाही. मुनव्वरलाच नाही, चौघांनाही नको होती.

कडी_कोयंडा
@उलटतपासणी, मग उशीर करू नका! सरकारच्या ढिलाईचा फायदा खुन्याला का?

उलटतपासणी
कारण त्या उशिरात रोज सकाळी कोठडीचं दार वाजलं की माणूस आतल्या आत मरतो. निकालपत्रात ही शिक्षा लिहिलेली नसते.

कडी_कोयंडा
पिंपातल्या मुलाच्या वडिलांनी रोज सकाळी काय केलं असेल, तेही कुठल्या निकालपत्रात नसतं.

सायंतारा
मला माफीच्या साक्षीदाराचं बोलायचंय. पहिल्या खुनात पाचवा मुलगा सामील होता. त्यानं साक्ष दिली, तो सुटला. त्याच्याशिवाय खटला लंगडा पडला असता हे कळतं, तरी पोटात कालवतं. @पेठेतला_मुलगा, मुनव्वरची कबुली तुम्हाला हलवते. पण कायद्याला हवी असते ती वेळेवर दिलेली, कामाची कबुली. मनापासूनची असली-नसली तरी.

आणखी एक. आपण सगळे 'जोशी-अभ्यंकर' म्हणतो. अभ्यंकरांच्या घरी त्या रात्री घरकाम करणारी साठीची बाईही मारली गेली. पहिला मुलगा आणि शेवटचा तरुणही त्या नावात नाहीत. फाशी गेलेल्या चौघांची नावं मात्र या धाग्यात पहिल्याच ओळीत आली.

पेठेतला_मुलगा
@सायंतारा, हे मला लिहिताना सुचलंच नाही, याची लाज वाटते. शीर्षक बदलत नाही, कारण लोक प्रकरण त्याच नावानं ओळखतात. मुनव्वरबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. पण कडी_कोयंडा यांचा नऊ महिन्यांचा मुद्दा मला खोडता येत नाहीये, आणि तो मी खोडणारही नाही.