एप्टेशिया उपटू नये
रत्नागिरीच्या मित्रांनी आपल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रपुष्प चिमट्याने उपटण्याचा विचार मांडला आहे, तो त्यांनी कृपया सोडून द्यावा, कारण त्याच्या तळव्याचा खडकाला चिकटून राहिलेला बारीकसा तुकडाही नवा जीव होऊन वाढतो. थोडीच असतील तर पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने थेट तोंडावर सोडावी. मात्र एका वेळी मोजक्यांवरच, अन्यथा पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) झपाट्याने चढतो. संख्या फार असल्यास बर्घिया ही सागरी गोगलगाय मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती एप्टेशियावरच जगते. टाकीसाठी मालवणहून नवे प्रवाळखडक आणावेत, अशी सूचना कोणी केली तरी ती मात्र मुळीच मानू नये: तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.