तटस्थ मत म्हणजे बाजूला होणं नव्हे
डाओ म्हणजे सदस्यांच्या मतदानावर ब्लॉकचेनवरून चालणारी संस्था. तिथल्या एखाद्या प्रस्तावात ज्या अँबॅसेडरचे (डाओच्या प्रतिनिधीचे) हितसंबंध गुंतलेत त्याने तटस्थ मत द्यावं, विषय संपला, असं काही जण म्हणतात. हेतू पटतो, पण यात एक गोम आहे. बऱ्याच डाओ मतदानासाठी ओपनझेपेलिन या कंपनीचा 'गव्हर्नर' हा तयार स्मार्ट करार (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) वापरतात. त्याच्या साध्या मोजणीत गणपूर्तीसाठी बाजूची आणि तटस्थ, दोन्ही मतं धरतात, विरोधातली नाहीत. म्हणजे इतर सदस्यांनी आपली भरपूर मतं ज्याच्याकडे सोपवली आहेत असा माणूस 'तटस्थ' राहूनच मित्राचा अनुदान-प्रस्ताव गणपूर्तीपार नेऊ शकतो. वर साळसूदपणाचं श्रेय!

त्यापेक्षा मतदानच करू नये आणि कारण प्रस्तावाखाली लिहावं. तेही वेळेत, कारण कोणाकडे किती मतं हे मतदान सुरू होतानाच गोठतं. नंतर सांगितलं तर मतं सोपवणाऱ्यांना त्या प्रस्तावापुरती ती दुसरीकडे वळवताच येत नाहीत.