मराठी-गुजराती पत्रिका: दोन लिपी शेजारी कशा बसवायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. आमच्या वाड्याच्या गणपतीची पत्रिका यंदा माझ्याकडे आली आहे. ए-५ आकार, एकाच बाजूला छपाई, मजकूर मराठी आणि गुजराती. आरतीला निम्मे शेजारी गुजराती असतात आणि आमच्याच घरातली मुलं गुजराती अक्षरं जास्त सफाईने वाचतात. म्हणून दोन्ही लिपी सारख्याच मानाने दिसल्या पाहिजेत, असा माझा हट्ट आहे, आणि तिथेच गाडी अडली आहे.

काल पहिलं प्रूफ आलं. सासूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी लिहून दिलं होतं, "महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे आभार". प्रुफात होतं "आचार्यांचे आभार". दिवसभर चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसांचं नाव असं पुसलं जावं हे मला फार लागलं. "दुसऱ्या दिवशी"चंही "दुसर्या" झालेलं. ऑपरेटरने मजकूर नव्याने टाइप केला होता आणि त्याचा हात गुजरातीवर बसलेला, त्यामुळे त्याला दोष देत नाही. ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि मग य जोडला की बरोबर उमटतं, हे मी त्याच्याशेजारी बसून करून पाहिलं. आता टायपिंग मीच करणार आणि फॉन्टसकट पीडीएफ देणार.

ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे आलेत. मला आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा आहे. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ही अक्षरं आपोआप बदलतात म्हणे, पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय सापडत नाही. तिरो देवनागरी मराठी मुळातच आपल्या वळणाचा आहे आणि दिसतोही देखणा, पण त्यात जाड अक्षर नाही आणि जोडीचा गुजराती मला मिळाला नाही.

जोडीने मिळणारे फॉन्ट पाहिले: मुक्ता आणि मुक्ता वाणी, बालू २ आणि बालू भाई २, हिंद आणि हिंद वडोदरा. आपल्या गावाचं नाव पाहून शेवटची जोडी आधी लावली. दोन्हीकडे १२ पॉइंट. तरी मराठी ओळ भरीव दिसते, कारण शिरोरेघ सगळी अक्षरं वरून एका दोरीत ओवते. गुजरातीला शिरोरेघ नाही, अक्षरं सुटी सुटी उभी राहतात आणि तोच मजकूर फिका वाटतो. गुजराती १३ पॉइंट केला तर ओळी लांबून पुढच्या ओळीत जातात. माप तेच ठेवून रेग्युलरऐवजी मीडियम वजन (म्हणजे जरा जाड रेघेचं अक्षर) घेतलं तर डोळ्यांना बरं वाटलं. जाणकार असंच करतात का?

मांडणीचा पेच याहून मोठा आहे. मराठी वर आणि गुजराती खाली ठेवलं तर खालची लिपी पाहुण्यासारखी वाटते. शेजारी-शेजारी दोन रकाने केले तर १४८ मिलिमीटर रुंदीतून दोन्ही कडांचे १२-१२ आणि मधले ६ वजा जाता रकान्याला ५९ मिलिमीटर उरतात. तेवढ्यात "श्रीसत्यनारायणाची महापूजा" जेमतेम मावतं. प्रेसने ओळी १२ वर १४ अशा (अक्षर १२ पॉइंट, एका ओळीपासून पुढची ओळ १४ पॉइंटवर) दाबून बसवल्या होत्या, त्यामुळे "पूजा"चा ऊकार खालच्या "कीर्तन"च्या वेलांटीला टेकत होता. १२ वर १८ केल्यावर वाचायला सोपं झालं, पण मजकूर पानाबाहेर गेला. कार्यकर्त्यांची लांबलचक यादी काढायची का, हे मंडळात बोलावं लागेल. तारीख, वेळ आणि ठिकाण मात्र मी मोठंच ठेवणार. मधोमध रचलेल्या ओळीही सोडून सगळं डाव्या कडेला लावते आहे, नाहीतर नजर प्रत्येक ओळीची सुरुवात शोधत बसते.

रंगाचं थोडं जमलं आहे. हिरव्या पट्टीवर लाल अक्षरं होती आणि मंडळात ती सगळ्यांना आवडली होती. मी प्रुफाचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल केला, तर अक्षरं पट्टीत विरून गेली. तो फोटो दाखवल्यावर सगळ्यांनी आनंदाने पांढऱ्या कागदावर मरून रंगाचं शीर्षक मान्य केलं. स्क्रीनवरचं झळझळीत केशरी मात्र छापून विटकरी आलं. स्क्रीनचा रंग प्रकाशाचा आणि छपाईचा चार शायांचा (निळी, किरमिजी, पिवळी, काळी), एवढं कळलं आहे. बारीक काळ्या अक्षरांना लाल-निळी कड दिसत होती, कारण काळा रंगही चार शाया मिसळून केला होता आणि त्या जरा सरकल्या होत्या. आता मजकुराला फक्त १०० टक्के काळी शाई लावायला सांगितलं आहे.

तर मला विचारायचं आहे ते असं. दोन रकाने ठेवू की वर-खाली? वर-खाली ठेवलं तर गुजरातीचा मान राहील अशी काही युक्ती आहे का? पाकळीचा ल, देठाचा श आणि जाड अक्षर हे तिन्ही असलेला, शिवाय गुजराती जोडीदार असलेला फॉन्ट कोणी वापरला आहे का? आणि केशरीसाठी किरमिजी ६० व पिवळी १०० टक्के असं प्रमाण ऑफसेटला चालेल का?

प्रूफ परवा संध्याकाळी परत द्यायचं आहे. कुणाकडे अशी दोन लिपींची छापील पत्रिका असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो टाका, म्हणजे मला अक्षरांचं माप आणि ओळींमधलं अंतर काढता येईल.