गोचीड ताप: रक्त न तपासता डॉक्सी देऊ नका

घोडबंदरकर:
आमचा शेरू, देशी कुत्रा, 4 वर्षांचा. जुलैत जेवण सोडलं, अंग तापलं. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली, प्लेटलेट 38 हजार. निरोगी कुत्र्याच्या साधारण 2 लाखांच्या पुढे असतात. "गोचीड ताप," म्हणाले आणि 28 दिवसांची डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) दिली. सहाव्या दिवशी ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. दुसऱ्या दवाखान्यात कानाच्या कडेच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला (यालाच स्मिअर म्हणतात) आणि निघाला बबेसिया गिब्सोनी. डॉक्सी एर्लिकियावर (गोचिडीतून येणारा दुसरा जंतू) चालते. बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो, त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन 10 दिवस एकत्र द्यावी लागतात. रक्त चढवलं तेव्हा वाचला. 'गोचीड ताप' हे एका आजाराचं नाव नाही हो! स्मिअरशिवाय गोळी नको.

नेरूळची ताई:
शेरू वाचला, जीव भांड्यात पडला. पण मुद्दा पटला नाही. मी रस्त्यावरची कुत्री सांभाळते. गेल्या पावसाळ्यात रविवारी रात्री एकीच्या नाकातून रक्त थांबेना, लॅब बंद. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डॉक्सी सांगितली, भातात कालवून दिली (रिकाम्या पोटी उलटते). मंगळवारी ती उठून शेपटी हलवत होती. शिवाय स्मिअरमध्ये एर्लिकिया क्वचितच सापडतो. निगेटिव्ह आला तर काय, औषध नाही?

घोडबंदरकर:
म्हणूनच पीसीआर (रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी). आणि गोळीच्या आधी रक्त काढा, कारण डॉक्सीचे काही दिवस गेले की पीसीआरही निगेटिव्ह येऊ शकते. जांभळ्या झाकणाची बाटली रात्रभर फ्रिजमध्ये राहते.

ऐरोली_सेक्टर8:
झटपट रक्त तपासणीच्या किटबद्दलही सांगा कोणीतरी. आमच्या मुनीला ती पॉझिटिव्ह आली म्हणून तीनदा डॉक्सी दिली. किट अँटीबॉडी दाखवते, त्या बरं झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात. शेवटी गोचिड्या सापडल्या बाल्कनीच्या फरशीच्या फटीत. एक मादी हजारोंनी अंडी घालते, नुसत्या कुत्र्याला औषध लावून काय होणार?

नेरूळची ताई:
बाटली आधी भरायची, हे मान्य. यापुढे तसंच करीन. पण भटक्या कुत्र्याच्या पीसीआरचे पैसे प्रत्येक वेळी जमत नाहीत. आणि दादा, "स्मिअरशिवाय गोळी नको" एवढं वाक्य काढा. ते वाचून रविवारी रात्री कोणीतरी गोळी हातात घेऊन सकाळची वाट बघत बसेल.